लहान मुलाच्या ल्युकेमियाचे उपचार चालू असताना घर कसं चालतं? नातेवाइकांनी नेमकं काय करावं?

तुम्ही लिहिलंय की भावाच्या पाच वर्षांच्या मुलाला ए.एल.एल. (ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार) निघालाय, मुंबईत उपचार सुरू होताहेत, मोठी मुलगी तिसरीत आहे, आणि तुम्ही साताऱ्यात बसून काय करू शकता, असं विचारलंय. आम्ही कराडचे. माझी धाकटी चार वर्षांची असताना आमच्या घरी हेच झालं. आता ती शाळेत जाते आणि दादाशी दिवसभर भांडते. औषधांचं डॉक्टर सांगतील, मी घरचं सांगते.

हे प्रकरण दोन ते अडीच वर्षांचं आहे, हे आधी सगळ्यांनी पक्कं धरा. निदान झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात अख्खी भावकी धावून येते. डबे येतात, पाकिटं येतात, दिवसाला वीस फोन येतात. सहा महिन्यांनी फोन करणारी दोन माणसं उरतात आणि कामं तर तेवढीच असतात. म्हणून पैसा, रजा आणि माणसं पहिल्याच महिन्यात संपवू नका. तुमच्या भावाने आत्ताच सगळी रजा टाकली असेल तर त्याला थांबवा. नवराबायकोपैकी एकाची नोकरी टिकलीच पाहिजे. आमचे हे आठवडाभर एमआयडीसीत आणि शनिवारी रात्रीच्या गाडीने मुंबईत, असं बरेच महिने चाललं.

पहिला टप्पा चार-पाच आठवड्यांचा, त्याला इंडक्शन म्हणतात. यात रोज स्टिरॉइडच्या गोळ्या असतात. पोर गोल गरगरीत होतं, चिडतं, आणि भूक अशी लागते की बघणाऱ्याला खोटं वाटावं. आमची रात्री अडीचला उठून पिठलं-भात मागायची, तोही चांगला खारट. आणि व्हिंक्रिस्टिन नावाच्या इंजेक्शनने जबडा दुखतो, त्यामुळे ताट समोर आलं की चावता येईना म्हणून रडायची. त्याच इंजेक्शनने पोट धरतं, पायातलं बळ जातं. जिना चढताना ती मध्येच खाली बसायची, हे आम्ही पाहिलंय. हे सगळं डॉक्टरांच्या कानावर घालायचं, त्यावर उपाय असतात. केस जाण्याचं दुःख मोठ्यांनाच जास्त होतं. पोरं चार दिवसांत विसरतात.

आता खरा धोक्याचा मुक्काम. इंडक्शन संपल्यावर मॅरो, म्हणजे हाडांच्या आतला मगज, तपासतात आणि बहुतेक मुलांच्या मॅरोत त्या वाईट पेशी जवळपास दिसेनाशा झालेल्या असतात. याला रेमिशन म्हणतात. पोर हसायला-खेळायला लागतं आणि घरातली वडीलधारी म्हणतात, 'बरा झाला की आता, कशाला त्या लेकराला विष टोचताय?' आमच्या वॉर्डातलं एक कुटुंब असंच गावी गेलं. काही महिन्यांनी परत आलं तेव्हा आजारही परत आला होता. लपून राहिलेल्या पेशी मारायलाच पुढची सगळी वर्षं असतात, पाठीतली इंजेक्शनंही त्यासाठीच, कारण मेंदूभोवतीच्या पाण्यात साधं सलाइनमधलं औषध पुरेसं पोचत नाही. तुमच्या घरात कुणाच्या शब्दाला वजन असेल, आजोबांच्या असेल, तर त्यांना हे आत्ताच समजावून ठेवा. गव्हांकुराचा रस, पपईच्या पानांचा रस, कुठल्याशा वैद्याची पुडी घेऊन येणाऱ्यांना दारातच थोपवायचं काम तुम्ही घ्या. आईबापाला ते जमत नाही, नातं तुटायची भीती वाटते. नवस करायचा तर खुशाल करा, त्याने काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, पडत नाहीत.

काउंट हा शब्द आता तुमच्याही तोंडी बसेल. रिपोर्ट आला की आधी न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बघायचे. ते 500 च्या खाली असताना ताप आला तर ती इमर्जन्सी, मग मध्यरात्र असो नाहीतर लक्ष्मीपूजन. आम्हाला सांगितलं होतं की ताप 100.4 च्या वर गेला की फोन करून निघायचं. विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल द्यायचं नाही, कारण ताप उतरतो आणि आतला संसर्ग तसाच वाढत राहतो. आमची एक पिशवी कायम दाराशी भरलेली असायची: फाइल, कपडे, चार्जर, तिची बाहुली. भेटायला जाणार असाल तर सर्दी-खोकला असताना जाऊ नका, एवढं पाळलंत तरी उपकार होतील. तुमच्या घरी कुणाला कांजिण्या आल्या आणि त्या मुलाशी संपर्क आला असेल तर लाजेकाजेस्तव लपवू नका, त्याच दिवशी सांगा.

पैशाचं आणि राहण्याचं. रेशनकार्ड, आधार आणि बाकीची कागदपत्रं गोळा करून हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात आधी जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार बसतात. कागदांत नावाचं स्पेलिंग एक अक्षराने जरी वेगळं असलं तरी फाइल अडते. तहसीलच्या चकरा साताऱ्याहून तुम्ही मारा, हीच तुमची सगळ्यात मोठी मदत. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. शिवाय सेंट ज्यूड नावाची संस्था 2006 पासून मुंबईत कॅन्सरच्या लहान मुलांच्या कुटुंबांना फुकट जागा देते. स्वयंपाकघर सामाईक, खोली स्वच्छ, पण नाव हॉस्पिटलकडूनच जावं लागतं. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या पेशंटचं स्लीपर आणि थ्री-टियर एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला 75 टक्के सूट. त्यासाठीचा फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्यायचा.

रक्ताचं वेगळं सांगते. पोराला चढवायच्या प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळे आधी साठवून ठेवता येत नाहीत. मुंबईत राहणारे तुमचे भाचे, मित्र, गाववाले यांची यादी आत्ता करा. एसडीपी म्हणजे मशिनवर एकाच माणसाकडून घेतलेल्या प्लेटलेट. तास-दीड तास हात लांब करून पडून राहावं लागतं आणि आदल्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली चालत नाही. ऐन वेळी भावाने रडवेल्या आवाजात पन्नास फोन लावण्यापेक्षा यादी तुमच्याकडे असू द्या.

तिसरीतली मुलगी मात्र तुमच्या वाट्याची आहे. आमचा मोठा मावशीकडे राहिला. बरेच दिवस शहाण्यासारखा वागला, मार्कही चांगले. मग एका रात्री फोनवर मला म्हणाला, 'आई, मी तिला झोक्यावरून ढकललं होतं, त्यानं झालं का गं?' किती दिवस ते पोटात घेऊन फिरत होता कुणास ठाऊक. तेव्हा तिला घरी ठेवून घ्या, पण गप्प ठेवू नका. आजाराचं नाव सांगा, तो कुणामुळे होत नाही, शिवल्याने लागत नाही, हे तिने न विचारता सांगा. वर्गशिक्षकांनाही कल्पना द्या. आणि तिचा वाढदिवस करा, केक आणा, 'यंदा नको गं' म्हणू नका.

शेवटचं वर्ष-दीड वर्ष मेंटेनन्सचं, म्हणजे घरी गोळ्या चालू ठेवण्याचं. केस परत येतात, शाळा सुरू होऊ शकते, लोकांना वाटतं संपलं. घरात मात्र रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिनची गोळी असते. 50 मिलिग्रॅमची गोळी, आणि आमच्या पोरीचा डोस असा की सोमवार ते शुक्रवार एक, शनिवार-रविवार दीड. काउंट बघून तोही बदलतो. मी कॅलेंडरवर रोज खूण करायचे. मेथोट्रेक्सेट हे दुसरं औषध आठवड्यातून एकदाच, ते चुकून रोज दिलं गेलं तर जिवावर बेततं, म्हणून आमच्याकडे तो डबाच वेगळा होता आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'फक्त गुरुवार' लिहिलेलं. याच काळात आईबाप सगळ्यात थकलेले असतात, आणि याच काळात कुणी येत नाही. तुम्ही दोन-तीन महिन्यांनी एकदा पाठीतल्या इंजेक्शनच्या तारखेला मुंबईला जा आणि वहिनींना म्हणा, आज रांगेत मी बसतो, तुम्ही झोपा. भावाला 'काही लागलं तर सांग' म्हणू नका, तो सांगणार नाही. पुढची तारीख कधी, एवढं विचारा आणि त्या दिवसाची रजा टाका.