पुराची तयारी मोजायची कशी?

प्रश्न : आमच्या कृष्णाकाठच्या गावाला पर्यावरणाच्या अभियानात चांगले गुण मिळाले. 2021 च्या पुरात 2019 पेक्षा कमी घरांत पाणी शिरले. म्हणजे ग्रामपंचायतीची तयारी सुधारली का?
– एक वाचक, पलूस तालुका

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. झाडे किती लावली, सौर दिवे किती बसवले, याचे गुण मिळतात. पुरात काय वाचले ते त्यात दिसत नाही. शिवाय 2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेले, 2021 ला 55 च्या आसपास थांबले. मग घरे ग्रामपंचायतीने वाचवली की नदीने?

म्हणून वर्षाची वर्षाशी नको, पातळीची पातळीशी तुलना करा. आयर्विनची इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45. पण तुम्ही सांगलीच्या वरच्या अंगाला. कृष्णेला मिळणारी येरळा नदी तुंबली की तो आकडा फसवतो. गावच्याच पुलाच्या किंवा पक्क्या इमारतीच्या खांबावर फुटांची पट्टी रंगवा. दर फुटाला पाणी कोणत्या गल्लीपर्यंत येते ते वहीत लिहा आणि त्यापुढे तीन आकडे मांडा : किती घरे पाण्याखाली, त्यांतली किती आधीच रिकामी झाली, आणि निरोप आल्यापासून शेवटचे जनावर हलेपर्यंत किती तास लागले. आमच्या मते तिसरा आकडा सगळ्यांत बोलका. माणसे गोठ्यापायी अडून बसतात. वैरण आणि जनावरे बांधायची जागा आधी ठरलेली नसेल तर तास वाढणारच. पुढच्या पुरात पट्टीवर तेवढेच पाणी असताना हे तास घटले, तर ती सुधारणा.

बोट आहे, एवढी नोंद पुरेशी नाही. ऑगस्ट 2019 मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे बुडाली. किती माणसे बसवायची ते बोटीवर रंगवले आहे का, तेवढी लाइफ जॅकेट आहेत का, मे महिन्यात इंजिन चालवून पाहिले का, हे नोंदवा. नळयोजनेच्या मोटारीचे पॅनेल 2019 च्या पूररेषेखाली असेल तर पूर ओसरला तरी नळ कोरडेच. ते किती दिवस, हाही आकडा ठेवा.

हेच दुष्काळालाही लागू : आटपाडी-जतकडच्या दुष्काळी भागातल्या वाचकांनी पाण्याचे टँकर मोजताना त्या वर्षीचा पाऊस आणि मे महिन्यातली विहिरीची पाणीपातळी शेजारी लिहावी. पाऊस चांगला झाला की टँकर आपोआप घटतात.