झाडांचं विचारा : मूठभर भांगेची बी

प्रश्न : मे महिन्यात उत्तराखंडात अल्मोड्याला गेलो होतो. उतरलो त्या घरातल्या काकूंनी भांगेच्या बियांची चटणी वाढली. नशा काही चढली नाही! निघताना त्यांनी मूठभर कच्ची बी बांधून दिली. अस्सल पहाडी वाण आहे, गच्चीत दोन रोपं लावून जपावं म्हणतो. भात-ज्वारीसारखे भांगेतही गावठी प्रकार असतात का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : आधी ती बी भाजून टाका, मग पुढचं वाचा. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे. कुंडीतलं एक रोपही लागवडच. नुसत्या बियांचं तसं नाही. त्या खायला हरकत नाही आणि त्यांनी नशाही येत नाही.

आता वाणाचं. गावठी प्रकार असतात तर! कुमाऊं-गढवालात लोकांनी बी आणि वाख (खोडाच्या सालीचा धागा) यांसाठी भांग राखली. त्या वाखाचं जाडंभरडं कापड म्हणजे भंगेला. हिमाचलात मलाण्याकडे फुलोरा हातावर चोळून चरस काढतात. आपल्या नगरकडेही इंग्रजी अमदानीत गांज्याची, म्हणजे याच झाडाच्या फुलोऱ्याची, शेती होती. तिथे नर झाडं वेळेवर उपटायची, म्हणजे मादीच्या फुलोऱ्यात बी कमी धरते. ज्याला जे हवं, त्यानं तसं बियाणं राखलं.

पण भात आपलं परागण आपल्याच फुलात उरकतो, म्हणून ओंजळभर दाण्यांतही वाण बऱ्यापैकी टिकतो. भांगेचं नर झाड वेगळं, मादी वेगळी आणि मधला निरोप्या वारा. माझ्याकडे पिथोरागडकडची बी आहे (भाजलेली, काळजी नसावी). ताटलीत पसरून भिंग धरलं की एक राखी, दुसरी तपकिरी, तिसरीच्या अंगावर संगमरवरासारखी जाळी. वेगवेगळ्या आयांची लेकरं ती. वाण म्हणजे असं अख्खं विजोड शेत. तुमची दोन्ही रोपं नर निघाली तर पुढच्या वर्षी पेरायला काहीच नाही. जोडी जमली, तरी पुढची सगळी सख्खी भावंडं.

मला धास्ती आहे ती वाऱ्याचीच. उत्तराखंडात परवाना घेऊन लागवड करता येते, पण नशेचं द्रव्य, म्हणजे टीएचसी, ०.३ टक्क्यांच्या आत हवं. जुनी पहाडी झाडं अनेकदा ही रेघ ओलांडतात. मग नियमात बसणारं बाहेरचं बियाणं येतं. त्याचे परागकण काही किलोमीटर सहज उडतात, त्यांना कसला बांध? शेजारच्या जुन्या झाडांवर ते बसले की दोन-चार पिढ्यांत काकूंची भांग नावापुरती पहाडी उरेल. हे जपायचं तर तिथेच, शेकडो झाडांचं बी दरसाल मिसळून. चिंचवडच्या गच्चीचं ते काम नाही.

भाजलेल्या बीचं काय? तडतडली की उतरवा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ घालून पाट्यावर वाटा आणि वर लिंबू पिळा. मिक्सरला लावलीत तर टरफलं दाताखाली येतात. पाण्यात कालवून गाळून घ्या.