आवाज ‘कट होतो’ की ‘तुटतो’?

ज्येष्ठ नागरिक संघासाठी मोबाइलच्या वापराचं मराठी माहितीपत्रक लिहिणाऱ्या एका बाईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. ‘व्हॉइस ओव्हर आयपी’ला, म्हणजे इंटरनेटवरून फोनवर बोलण्याला, ‘आंतरजालीय ध्वनिवहन’ म्हटलं तर चालेल का? ‘पॅकेट’ला, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या छोट्या तुकड्याला, काय म्हणावं? आणि ‘आवाज कट होतोय’ लिहावं की ‘आवाज तुटतोय’?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्हींची किल्ली तिथेच आहे.

‘तुटतोय’ लिहा. ‘कट’ला मराठीने फोनच्या बाबतीत आधीच एक काम दिलेलं आहे. ‘फोन कट झाला’, ‘त्याने फोन कट केला’ म्हणजे बोलणंच थांबलं. आवाज मध्येमध्ये गळत असेल तेव्हाही तोच शब्द वापरला, तर ऐकणारा गोंधळतो आणि उगाच पुन्हा फोन लावत बसतो. ‘तुटणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. कोणी तोडत नाही, तुटतं. माळ तुटते, धार तुटते, आणि फोनवरचा आवाजही अगदी त्याच अर्थाने तुटतो. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. नेटवरून आवाज जातो, तो खरोखरच मण्यामण्यांनी जातो.

कसा, ते थोडं सविस्तर सांगायला हवं. आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला ८,००० वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजमाप एका बाइटमध्ये (संगणकाची माहिती मोजायच्या छोट्या मापात) लिहितात. टेलिफोनसाठी ही रीत १९७२ साली ठरली, तिचं नाव जी.७११. इंटरनेटवर पाठवताना या आकड्यांचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात, म्हणजे एका तुकड्यात १६० बाइट आवाज. त्याच्यावर कुठून, कुठे, कितवा हे सांगणारा ४० बाइटांचा मजकूर चढतो. सेकंदाला असे पन्नास तुकडे निघतात. ‘नमस्कार’ म्हणायला पाऊण सेकंद लागला, तर एवढ्याशा शब्दाचे सदतीस-अडतीस तुकडे होऊन ते एकेकटे प्रवासाला लागतात. (आता ओपससारख्या रीती आहेत, त्या तोच आवाज बऱ्याच कमी बाइटांत बसवतात. तुकडे मात्र पाडावेच लागतात.)

या तुकड्याला काय म्हणायचं, हा तुमचा दुसरा प्रश्न. पुडी, पुडकं, गठ्ठा असे शब्द मी वेगवेगळ्या ठिकाणी वाचले आहेत. माझं मत ‘पाकीट’ला. पुडीवर पत्ता नसतो, पाकिटावर असतो, आणि इथे पत्ता हाच सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे. जुन्या टेलिफोनमध्ये दोन टोकांच्या मध्ये एक अख्खी वाट तुमच्या नावाने अडवून ठेवली जायची, म्हणून ‘लाइन मिळाली’, ‘लाइन एंगेज आहे’ असं आपण म्हणू लागलो. इंटरनेटवर अशी वाट कोणी अडवत नाही. प्रत्येक पाकीट आपला पत्ता दाखवत नाक्यानाक्यावरून पुढे सरकतं.

आणि ‘पॅकेट’ या शब्दाची जन्मकथा शब्दांच्या माणसाला फार आवडेल अशी आहे. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतले डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६०च्या दशकात तो निवडला, तोही भाषातज्ज्ञाला विचारून. दुसऱ्या भाषांमध्ये तो अडचणीशिवाय जावा, ही त्यांची अट होती. त्याच सुमारास अमेरिकेत पॉल बॅरन तीच कल्पना ‘मेसेज ब्लॉक’ या नावाने मांडत होते. टिकला डेव्हिस यांचा शब्द. मराठीत ‘पाकीट’ इतकं मुरलं आहे की ‘पाकिटात’, ‘पाकिटाला’, ‘पाकिटं’ अशी रूपं करताना जीभ कुठे अडखळत नाही. शब्द निवडणाऱ्याच्या मनात जे होतं, ते आपल्या भाषेत सहज साधलं आहे.

आता तुटण्याकडे परत. पाकीट वाटेत हरवलं तर ते पुन्हा मागवत नाहीत. पत्र किंवा फोटो असता तर मागवलं असतं, कारण तिथे उशीर चालतो. बोलण्यात चालत नाही. ‘नमस्कार’मधलं ‘स्का’ समोरचा पुढच्या वाक्यावर गेल्यावर पोहोचलं तर ते वरातीमागून घोडं, फेकूनच द्यायचं. फार उशिरा आलेलं आणि मुळीच न आलेलं पाकीट, दोन्हींचा परिणाम एकच: मणी गळतो, आवाज तुटतो. ती फट बुजवायला फोन कधीकधी आधीच्या तुकड्याचाच आवाज पुन्हा वाजवतो. असे दोन-चार तुकडे लागोपाठ गेले, की ‘रोबोटसारखा आवाज येतोय’ असं लोक म्हणतात. बरोबरच म्हणतात.

पाकिटं निघतात सारख्या अंतराने, पण पोहोचतात मागेपुढे. याला इंग्रजीत ‘जिटर’ म्हणतात आणि त्याला ‘कंप’ वगैरे प्रतिशब्द मला पटत नाहीत, कारण थरथरत काहीच नाही. मराठीतलं ‘मागेपुढे होणे’ नेमकं आहे. त्यावरचा उपाय मी घरी पोळ्यांच्या उदाहरणाने समजावतो. तव्यावरून पोळी थेट पानात वाढली, तर एखादी फुगायला वेळ लागला की जेवणाऱ्याचा हात थांबतो. दोन पोळ्या डब्यात राखून वाढलं, तर जेवणाऱ्याला खंड कळत नाही, फक्त पोळी किंचित निवलेली असते. फोनही आलेली पाकिटं क्षणभर डब्यात ठेवतो आणि सारख्या गतीने वाजवतो. डबा मोठा केला तर तुटणं कमी होतं आणि उशीर वाढतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला, तर तो बहुतेक संभाषणांत खटकत नाही. पुण्याहून कॅलिफोर्नियाला बोलताना नुसतं अंतर कापायलाच काचतंतूतल्या प्रकाशाला साठ-सत्तर मिलिसेकंद तरी हवेत, म्हणजे डब्यासाठी फारशी सवड उरत नाही. लेकीशी बोलताना दोघी एकदम बोलू लागतात, मग दोघीही थांबतात, त्याचं कारण हेच. यालाही आपल्याकडे शब्द आहेत: ‘आवाज उशिरा येतोय’.

माहितीपत्रकात हे तक्रारींचे शब्द वेगवेगळे ठेवा, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. ‘घुमतोय’ म्हणजे स्वतःचं बोलणं स्वतःलाच परत ऐकू येतंय. तेव्हा दोष बहुधा समोरच्या टोकाला असतो, त्याच्या स्पीकरचा आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरतो. ‘फाटतोय’ म्हणजे माइकच्या फार जवळून, फार मोठ्याने बोलणं होतंय. त्यात नेटचा काही संबंध नसतो. ‘खरखर’ हा तांब्याच्या तारेचा जुना शब्द. पाकिटांच्या प्रवासात खरखर मिसळतच नाही. समोरचा गप्प झाला की काही फोन त्या शांततेची पाकिटं पाठवणंही थांबवतात, आणि मग अगदी सुन्न शांतता पसरू नये म्हणून ऐकणाऱ्याच्या बाजूला मुद्दाम हलकीशी सळसळ निर्माण केली जाते. एरवी माणूस ‘हॅलो, आहेस ना?’ म्हणत राहिला असता.

पहिला प्रश्न उरला. ‘ध्वनिवहन’ नको. ध्वनी कशाचाही असतो, माणसाच्या बोलण्याला मात्र आपण आवाज म्हणतो (‘आवाज ओळखला’ म्हणतो, ‘ध्वनी ओळखला’ नाही), आणि ही व्यवस्था माणसाच्या आवाजासाठी घडवलेली आहे. जुनी टेलिफोनची पट्टी, म्हणजे किती खालच्या ते किती वरच्या सुराचा आवाज त्यातून जाई ती मर्यादा, ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढीच होती, ती बोलणं समजण्यापुरती. आजच्या ॲपमध्ये पट्टी रुंद झाली, पण बोलण्याचाच पक्षपात राहिला. माझी भाची परदेशातून शास्त्रीय गाणं शिकते. पहिल्या आठवड्यात तिच्या गुरुजींना तिचा तानपुरा ऐकूच येईना. सलग, न बदलणारा स्वर म्हणजे पंख्याची घरघर असं समजून ॲप तो पुसून टाकत होतं. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ सुरू केल्यावर तानपुरा परत आला. त्या ॲपपुरता तानपुरा हा ‘ध्वनी’ होता, ‘आवाज’ नव्हता. आपल्या भाषेतला हा भेद इतका लख्ख मला तोवर कधी दिसला नव्हता.

‘दूरध्वनी’ हा शब्द घडणीने सुरेख आहे आणि पाट्यांवर, बिलांवर तो राहावा असं मला मनापासून वाटतं. बोलण्यात मात्र ‘फोन’ आपला झाला, कारण त्याला आपली क्रियापदं मिळाली. फोन लावतो, लागतो, येतो, उचलतो. ठेवायला खाली खोबण उरली नाही, तरी ‘बरं, ठेवू?’ असं विचारूनच आपण निरोप घेतो.

म्हणून ‘नेटवरून फोन’ लिहा. लोक ‘साधा फोन’ आणि ‘नेटवरून फोन’ असा फरक करतात, तोही तसाच राहू द्या. फक्त एक जाणून असा: ४जीवर व्हीओएलटीईने (४जीच्या जाळ्यातूनच आवाज पाठवायच्या मोबाइल कंपनीच्या पद्धतीने) केलेला ‘साधा फोन’सुद्धा पाकिटांनीच जातो. जिओचं जाळं २०१६ मध्ये सुरू झालं ते याच पद्धतीवर. फरक इतकाच, की मोबाइल कंपनी आपल्या जाळ्यात त्या पाकिटांना पुढे जाऊ देते, आणि ॲपची पाकिटं इतर सगळ्या गर्दीतून चालतात. तेव्हा पत्रकात एवढं लिहिलं तरी पुरे: ‘नेटवरून बोलताना आवाज तुटत असेल तर वायफायच्या जवळ जा किंवा साधा फोन लावा. स्वतःचाच आवाज घुमत असेल तर समोरच्याला स्पीकर बंद करायला सांगा.’