नववीतल्या मुलीला चित्रकलेसाठी कोणतं माध्यम घेऊन द्यावं? तिला 'स्वतःचं काहीतरी' काढायचंय, सर म्हणतात आधी पोस्टर कलर पक्के कर. कोल्हापुरात क्लास कुठला चांगला?

ते 'सर म्हणतात' वाचलं आणि राहवलं नाही, नाहीतर मी इथं नुसता वाचणारा माणूस.

2005 साली मी पण नववीतच होतो. घर शुक्रवार पेठेत, जुलैच्या शेवटी पंचगंगा घरात आली ती कमरेपर्यंत. वडील साइनबोर्ड पेंटर, दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागचं, निवडणुकीच्या भिंती, सगळं करायचे. पाणी उतरल्यावर बघतोय तर इनॅमलचे डबे कॉटखाली आडवे, माझे कार्ट्रिज पेपर फुगून पावासारखे, आणि सगळ्यावर तो गाळ, बोटाला लोण्यासारखा लागतो, वासाचं मात्र विचारू नका.

दिवाळीनंतर शाळेत चित्रांचं प्रदर्शन होतं, विषय 'माझं घर'. त्या वर्षी रंगाला पैसे मागायची सोय नव्हती. आई भिंती खरवडत होती तेव्हाच मी डबाभर गाळ बाजूला काढून ठेवलेला, तोच भिजवला आणि वडिलांच्या झिजलेल्या फ्लॅट ब्रशनं घर काढलं, पाण्याची रेघ जिथं होती तिथपर्यंत गाळ, वर कोरा कागद. सकाळी उठून बघतो तर निम्मं घर फरशीवर! वाळला की भेगा पडून पापुद्रे सुटतात हे मला काय माहीत. वडील चहा पीत बघत होते, म्हणाले, "आरं नुस्ती माती कशी ऱ्हाईल, धरून ठिवायला कायतरी नगो? रंग म्हंजे तरी काय, भुकटी आणि चिकट." मग गाळ फडक्यातनं गाळला (हसू नका), फेविकॉल पाण्यात पातळ करून त्यात मिसळला, आणि पातळ पातळ तीन हात दिले, एक वाळल्यावर दुसरा. बसला.

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी ते लावलंच नाही. "हे माध्यम नव्हे, चिखल आहे. पाट्या रंगवणं वेगळं आणि चित्रकला वेगळी." सगळ्या वर्गासमोर. लागलं काय, तर पोस्टर कलरमधली कौलारू घरं, मागं दोन डोंगर, मधी सूर्य. ज्यांच्या घरात पाणी होतं त्या पोरांनी पण तेच काढलेलं.

ज्या गावात बाबूराव पेंटरांनी नाटकाचे पडदे रंगवले, पुतळे केले, सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला आणि मेस्त्री हे आडनाव मागं पडून पेंटर हेच नाव झालं, त्या गावात पेंटर म्हणजे खालचं काम? सरांना तेव्हा बोललो नाही, आता इथं बोलतोय.

तर तुमच्या पोरीचं. महागडा सेट आणू नका. कोळसा द्या, शाडू द्या (गणपतीच्या आधी कुंभार गल्लीत मागितला की मिळतो), जुने पेपर फाडून चिकटवू दे. एक माध्यम निदान महिनाभर, रोज बदललं की नुसता पसारा होतो. वॉटर कलरमध्ये पांढरं म्हणजे कागदच राखून ठेवायचा, पोस्टर कलरमध्ये गडदावर पांढरं मारता येतं, हे हातानं कळू दे, सांगून कळत नाही. टॅब नंतर. तिथं चुकलं की मागं जाता येतं, आणि माझं तर चुकलं म्हणूनच जमलं.

आता तुमच्या पोरीच्या सरांचं अगदीच चूक नाही हेही सांगतो. इंटरमिजिएट, म्हणजे चित्रकलेची सरकारी ग्रेड परीक्षा, द्यायची असेल तर त्यातल्या संकल्पचित्राला (डिझाइनला) सपाट, एकसारखा रंग भरता यायलाच हवा आणि त्याला पोस्टर कलरच बरा. ए ग्रेड आली की दहावीला 7 मार्क वाढतात, ते कशाला सोडायचे. आठवणीतनं काढायच्या स्मरणचित्रात डोंगर-सूर्य तेवढा काढू देऊ नका.

क्लासचं राहिलंच. नववीला क्लास नकोच असं माझं मत, त्यापेक्षा रविवारी दसरा चौकात शाहू स्मारकला प्रदर्शन असेल तर घेऊन जा. दहावीनंतर बघायचं तर दळवीज आणि कलानिकेतन ही कोल्हापुरातली चित्रकलेची कॉलेजं आहेतच.

आणि हो, मातीत काढायचं म्हणाली तर साधी लाल माती आणा, पुराचा गाळ नको. मला दोन्ही हातांना महिनाभर खाज होती.