‘मुचा लुचा’ : ती की तो?

प्रश्न असा आला आहे : लहानपणी टीव्हीवर पाहिलेल्या ‘मुचा लुचा’ या कार्टूनच्या नावाचा अर्थ काय? त्यातल्या ‘लुचा’चा आपल्या ‘लुच्चा’शी काही संबंध आहे का? आणि मेक्सिकोच्या मुखवट्यांच्या कुस्तीबद्दल, म्हणजे ‘लुचा लिब्रे’बद्दल, मराठीत लिहायचं झालं तर ‘लुचा लिब्रे पाहिला’ की ‘पाहिली’?

आधी अर्थ. एडी मॉर्ट आणि लिली चिन यांची ही मालिका 2002च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि 2005पर्यंत तिचे 52 भाग झाले. रिकोशे, बुएना गर्ल आणि फ्ली हे तीन विद्यार्थी, मुखवट्यातल्या कुस्तीची त्यांची शाळा, आणि जिथे झाडून सगळे मुखवटा घालूनच वावरतात असं गाव. नाव स्पॅनिश आहे. ‘लुचा’ म्हणजे झुंज, कुस्ती. ‘मुचा’ म्हणजे पुष्कळ. मराठी कानाला ही जोडी ‘चहाबिहा’, ‘अर्धामुर्धा’ यांसारखी, म्हणजे एक खरा शब्द आणि त्याला यमकापुरतं लावलेलं शेपूट, अशी वाटते. तसं नाही. दोन्ही शब्दांना स्वतंत्र अर्थ आहे आणि यमक जुळलंय ते व्याकरणामुळे. स्पॅनिशमध्ये ‘पुष्कळ’ या अर्थाचं विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं : पुल्लिंगी ‘मुचो’, स्त्रीलिंगी ‘मुचा’. आपल्या ‘बराच-बरीच’सारखंच. लुचा स्त्रीलिंगी, म्हणून मुचा. नावाचं भाषांतर मी ‘कुस्तीच कुस्ती’ असं करीन. ‘पुष्कळ कुस्ती’ बरोबर आहे पण त्यात जीव नाही. ‘पाणीच पाणी’, ‘माणसंच माणसं’ ही आपली धाटणी त्या नावातला उत्साह पकडते.

यातच लिंगाचं उत्तर आलं. लुचा ती आहे. मूळ भाषेत स्त्रीलिंगी, आणि मराठीत त्या अर्थाचे कुस्ती, झुंज, लढत, लढाई हे सगळे शब्दही स्त्रीलिंगीच. तेव्हा ‘लुचा लिब्रे पाहिली’, ‘लुचा रंगली’. शेवटी ‘आ’ दिसला की आपला हात ‘घोडा’, ‘मुखवटा’ यांच्या वळणावर जातो, तिथे सावध राहावं. खरा फरक सामान्यरूपात पडतो. पुल्लिंगी धरलं तर ‘घोड्यात’सारखं ‘लुच्यात’ होईल, आणि ते वाचताना ‘लुच्च्यात’च वाटेल. स्त्रीलिंगी धरलं तर ‘शाळेत’, ‘भाषेत’ याप्रमाणे स्वच्छ ‘लुचेत’, ‘लुचेचा’, ‘लुचेतला’.

‘लुचेत’चा आणखी एक फायदा आहे. मराठीत ‘च’चे दोन उच्चार आहेत : ‘चार’, ‘चंद्र’ यांतला तालव्य आणि ‘चोर’, ‘चूल’, ‘चमचा’ यांतला दंततालव्य. लिपीत फरक दिसत नाही, त्यामुळे ‘लुचा’ हा शब्द पहिल्यांदा वाचणारा तो ‘चमचा’तल्या ‘चा’सारखा म्हणण्याची दाट शक्यता असते. स्पॅनिशमधला उच्चार ‘चार’मधला आहे. ‘ए’ पुढे आला की मराठीत ‘च’ आपोआप तालव्य होतो, जसं ‘चेंडू’, ‘चेहरा’. म्हणून ‘लुचेत’ चुकीचं वाचताच येत नाही. मूळ रूप मात्र ऐकूनच पक्कं करावं लागतं. उच्चार दाखवण्यासाठी कोणी ‘लुच्या’ असं लिहिलं तर रोगापेक्षा औषधच जड होईल, तसं करू नये.

ऱ्हस्वदीर्घाची शंकाही काही जणांना येते. स्पॅनिशमध्ये ‘उ’ ऱ्हस्व की दीर्घ यावरून अर्थ बदलत नाही, तेव्हा आपला नियम लावावा. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याआधीचे इकार-उकार ऱ्हस्व : किडा, पुडा, तसंच लुचा. ‘लिब्रे’मध्ये जोडाक्षराआधी ऱ्हस्व ‘लि’. या ‘ब्रे’चा उच्चार पूर्ण करायचा, इंग्रजी वळणाने ‘लिबर’ म्हणायचं नाही. कुस्तीगीर तो ‘लुचादोर’. ‘लुचाडोर’ हे इंग्रजीमार्गे आलेलं रूप आहे, मुळात ‘द’ दंत्य आहे आणि तो आपल्याकडे असताना ‘ड’ कशाला? अनेकवचन ‘चोर’सारखं : दोन लुचादोर. बाई असेल तर ‘लुचादोरा’. इथेही सामान्यरूप सांभाळावं : पुरुषाबद्दल ‘लुचादोराने’, बाईबद्दल ‘लुचादोरेने’.

आता ‘लुच्चा’. संबंध नाही, आणि हे नुसत्या अंदाजाने सांगत नाही. ‘लुचा’ हा लॅटिन ‘लुक्ता’पासून आला. लॅटिनमधल्या ‘क्त’चा स्पॅनिशमध्ये नियमाने ‘च’ होतो : ‘ओक्तो’ (आठ) चा ‘ओचो’, ‘नोक्ते’ (रात्र) चा ‘नोचे’, ‘लाक्ते’ (दूध) चा ‘लेचे’. म्हणजे स्पॅनिश शब्दातला हा ‘च’ मुळात ‘च’ नव्हताच. यातला ‘ओक्तो’ आपल्या ‘अष्ट’चा आणि ‘नोक्ते’ संस्कृत ‘नक्त’चा दूरचा भाऊ आहे, पण ‘लुचा-लुच्चा’ हे साम्य निव्वळ योगायोगाचं. तसाच दुसरा चकवा म्हणजे ‘सांतो’ आणि ‘संत’. 1942पासून चंदेरी मुखवट्यात लढलेला मेक्सिकोचा सर्वांत गाजलेला लुचादोर ‘एल सांतो’, म्हणजे ‘संत’च. अर्थ जुळतो, उच्चार जवळजवळ जुळतो, तरी दोन्ही शब्दांची मुळं वेगळी आहेत.

‘लिब्रे’ म्हणजे मुक्त. म्हणून ‘लुचा लिब्रे’ला ‘मुक्त कुस्ती’ म्हणण्याचा मोह होतो. मी म्हणणार नाही. मराठी क्रीडापानावर ‘मुक्त कुस्ती’ किंवा ‘फ्रीस्टाइल’ म्हटलं की ऑलिम्पिकमधली, मॅटवरची, गुणांवर चालणारी कुस्ती समजली जाते. मेक्सिकोतली ही धंदेवाईक, दोऱ्यांच्या रिंगणातली, मुखवट्यांची कुस्ती आहे. 1933मध्ये साल्वादोर लुत्तेरोथ यांनी संस्था काढून तिला बस्तान दिलं. दुसरीकडे ‘फ्रीस्टाइल’ शब्द आपल्या बातम्यांत ‘दोन गटांत फ्रीस्टाइल हाणामारी’ असा वापरला जातो. तिथे ‘नियम नसलेली’ हा अर्थ आहे, आणि लुचेला तर नियम आहेत : प्रतिस्पर्ध्याचा मुखवटा ओढून काढला तर बाद. दोन्ही बाजूंनी अर्थ निसटतो, तेव्हा ‘लुचा लिब्रे’ तसंच ठेवावं आणि पहिल्या वेळी ‘मेक्सिकोची मुखवट्यांची कुस्ती’ एवढं सांगून टाकावं.

तिच्यातले दोन पक्ष ‘तेक्निको’ आणि ‘रुदो’. यांना ‘सज्जन-दुर्जन’ म्हणणं सोपं आहे, पण नावं स्वभावाची नाहीत, लढण्याच्या पद्धतीची आहेत. तेक्निको म्हणजे डावपेचांचा, शुद्ध कुस्ती करणारा. रुदोचं शब्दशः भाषांतर ‘रांगडा’ होईल, पण मराठीत ‘रांगडा गडी’ ही शाबासकी आहे. नियम वाकवून, अंगावर जाऊन लढणाऱ्याला ‘दांडगा’ हा शब्द नेमका बसतो. त्याची पद्धत ती दांडगाई.

‘मुखवटा’ हा शब्द चालेल, पण त्याच्या दोन अडचणी माहीत असाव्यात. आपला मुखवटा चेहऱ्यापुरता आणि टणक असतो, देवाचा असो की सोंगाचा. लुचेतला कापडी, अख्ख्या डोक्यावर घट्ट बसणारा आणि मागे नाडीने आवळलेला असतो. दुसरी अडचण मोठी. मराठीत ‘मुखवटा गळून पडला’ म्हणजे ढोंग उघडं पडलं. लुचेत मात्र मुखवटा म्हणजे इभ्रत. पैजेच्या कुस्तीत दोघेही तो पणाला लावतात आणि हरणाऱ्याला भर रिंगणात तो काढून खरं नाव सांगावं लागतं. मुखवटा नसलेला आपले केस पणाला लावतो आणि हरला तर तिथेच त्याचं डोकं भादरतात. ‘हरलो तर मिशी उतरवीन’ या आपल्या पैजेचा भाव त्याच्या सगळ्यात जवळचा. एल सांतो 1984मध्ये वारला तेव्हा त्याला मुखवट्यासह पुरलं. हे वाक्य ‘मुखवटा’चा ढोंगाचा अर्थ मनात ठेवून वाचलं तर काहीच कळत नाही.

कार्टूनमध्ये प्रत्येकाचा एकेक खास डाव असतो. त्याला ‘हुकमी डाव’ म्हणावं. ‘डाव’साठी स्पॅनिश शब्द आहे ‘याव्हे’, आणि त्याचा पहिला अर्थ ‘किल्ली’. तो लॅटिन ‘क्लाविस’वरून आला. त्याच लॅटिन शब्दाचं पोर्तुगीज रूप ‘शाव्ह’, जुन्या उच्चारात ‘चाव्ह’, आणि त्यावरून आपली ‘चावी’. लुच्चा परका निघाला, पण चावी मात्र लुचेतल्या डावाची सख्खी नातेवाईक आहे. ‘याव्हे इ कोन्त्रायाव्हे’ म्हणजे एकाने डाव टाकायचा, दुसऱ्याने त्याची तोड काढायची. घिस्सा, ढाक, मोळी हे आपल्या कुस्तीतले डाव ओळखणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

एका ठिकाणी मात्र ‘डाव’ टाळावा. लुचा परंपरेने तीनपैकी दोन ‘काइदा’ जिंकणाऱ्याची असते. काइदा म्हणजे पडणं. याला ‘तीनपैकी दोन डाव’ म्हटलं तर क्रिकेटचा डाव की कुस्तीचा, असा घोळ होतो. ‘चीतपट’ही पुरत नाही, कारण खांदे टेकवून पंचाचे तीन मोजून होण्याआधीच, पकड असह्य होऊन शरण आलं तरी काइदा जाते. ‘फेरी’ ठेवावी. मग निवेदकाची ठरलेली घोषणा मराठीत सरळ उतरते : ‘तीनपैकी दोन फेऱ्या, वेळेचं बंधन नाही!’