रात्री अकराच्या भुकेबद्दल

प्रिय बाळ,

तुझं पत्र मिळालं. ‘मॅडम, मला खाण्यावर अजिबात ताबा नाही,’ हे तू त्यात पुन्हा पुन्हा लिहिलं आहेस. मला ते पटलेलं नाही, आणि का पटलं नाही ते तुझ्याच पत्रावरून दाखवते.

तुझा दिवस तूच लिहून पाठवलास. सकाळी चहा आणि दोन खाऱ्या. दुपारी ऑफिसच्या कँटीनमध्ये नुसती काकडी-टोमॅटोची वाटी, कारण वजन कमी करायचंय. संध्याकाळी पुन्हा चहा. नऊला पीजीवर पोचायचं, डब्यातली पोळी-भाजी गार झाली म्हणून बाजूला सारायची, आणि अकरा वाजता मोबाइलवरून बिर्याणी मागवायची, वर गुलाबजाम. मग रडू येतं, आणि शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी त्या खाऱ्यासुद्धा बंद. आपल्याकडे म्हणतातच, एकादशी आणि दुप्पट खाशी. सकाळपासून उपाशी ठेवलेलं शरीर रात्री जेवण मागतंय, यात तुझ्या स्वभावाचा दोष कुठे आला?

वर्गात मी मिनेसोटाचा प्रयोग शिकवायचे, तो आठवतो का? 1944-45 साली अमेरिकेत 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धामुळे उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसं आणायचं हे शिकण्यासाठी. ही मुलं स्वतःहून आलेली आणि मनाने खंबीर होती. तरी काही आठवड्यांत त्यांना अन्नाशिवाय काही सुचेना. कुणी पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागला, कुणी एकच जेवण तासन्‌तास पुरवत बसायचा. प्रयोग संपल्यावर पोट भरलं तरी हात थांबत नव्हते, असंही त्यांच्यापैकी काहींनी सांगितलं. निश्चय त्यांच्याकडे भरपूर होता. भुकेपुढे तो पुरला नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की अकरा वाजता स्वतःशी भांडू नकोस. तेव्हा तू दमलेली असतेस आणि भुकेली असतेस. शिस्त लावायची ती दिवसा लाव, आणि ती कमी खाण्याची नको, वेळेवर खाण्याची हवी.

निघण्यापूर्वी पोटभर काहीतरी खा. मोड आलेली मटकी घातलेले पोहे, मुगाची धिरडी आणि दही, किंवा दोन अंडी आणि पोळी, जे जमेल ते. दुपारी पोळी, भाजी आणि उसळ किंवा घट्ट वरण हवंच. काकडी बरोबर असू दे, जेवणाच्या जागी नको. आणि साडेपाचचं खाणं कधीही चुकवू नकोस. तुझा सगळा घोळ तिथे आहे. चहाने भूक तेवढ्यापुरती दबते, जात नाही, आणि बसमधून उतरेपर्यंत ती दुप्पट होऊन बसते. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे यांची छोटी बरणी ठेव. दोन मुठी खा, वर एक केळं. मग नऊ वाजता तोच डबा तव्यावर गरम करून घेशील आणि तो तुला चांगला लागेल. पीजीत गॅस वापरू देत नसतील तर काकूंशी बोल. हे मागायला लाजू नकोस.

एवढं करूनही कधी रात्री काहीतरी हवंसं वाटेल. तेव्हा स्वतःला विचार, आत्ता साधा वरणभात मिळाला तर खाईन का? उत्तर हो असेल तर ती भूक आहे, जेव. वरणभात नको, गुलाबजामच हवा असं असेल तर ती जिभेची ओढ आहे. ॲलन मार्लट हे मानसशास्त्रज्ञ व्यसन सोडणाऱ्यांना सांगायचे, की अशी ओढ लाटेसारखी असते, चढते आणि ओसरते. तिला दाबू नका, तिच्यामागे धावू नका, चढताना आणि उतरताना बघत राहा. दात घास, गच्चीवर चक्कर मार, आईला फोन कर. पंधरा-वीस मिनिटांत बहुतेक वेळा जोर ओसरलेला असतो. ॲपमध्ये साठवलेलं कार्ड मात्र आजच काढून टाक. सोळा आकडे टाइप करायला लागले की विचार करायला वेळ मिळतो.

तयार खाण्याच्या पुड्यांबद्दल मी जरा कडक आहे. 2019 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 20 जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं खाणं दिलं आणि दोन आठवडे ताजं, साधं. हवं तेवढं खायची मुभा दोन्हीकडे. तयार खाण्याच्या दिवसांत माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती आणि त्यांचं वजन जवळजवळ एक किलो वाढलं. तेव्हा बिस्किटं-वेफर्सचे मोठे पुडे खोलीत ठेवून ‘आज हात लावणार नाही’ अशी रोज परीक्षा घेऊ नकोस. हवंच असेल तेव्हा खाली जाऊन लहान पुडा आण.

पण कुठलाही पदार्थ कायमचा बंद करू नकोस, आणि ते ‘चीट डे’ प्रकरण, म्हणजे पथ्याला फसवून एक दिवस हवं ते खायचं, मला अजिबात आवडत नाही. करंजी खाणं म्हणजे फसवणूक कशी? दिवाळीत घरून फराळाचा डबा येईल. तो पलंगाखाली लपवून रात्री अंधारात खाऊ नकोस. मैत्रिणींना बोलाव, ताटल्यांत वाढ, बसून खा, चकलीचा आस्वाद घे.

आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगते. थांबताच येत नाही असं खाणं दर आठवड्याला होत असेल, किंवा खाऊन मुद्दाम ओकावंसं वाटत असेल, तर हे पत्र पुरेसं नाही. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे आणि समुपदेशकाकडे जा. एकटीला जावंसं वाटत नसेल तर मला कळव, मी पुण्याला येते.

पंधरा दिवसांनी लिही. वजन कळवू नकोस. साडेपाचला काय खाल्लंस, तेवढं कळव.

तुझ्या
मॅडम