तिसरे पर्व येईल तेव्हा येईल

ताई, मी लाखांदूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. वय २२ वर्षे. बी.एस्सी. झाल्यानंतर पोलीस भरतीची तयारी करतो आणि घरच्या धानशेतीत वडिलांना हातभार लावतो. शाळेपासूनचा एक मित्र आणि मी दर आठवड्याला एकत्र बसून ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, पाहत होतो. आता तो बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला लागला आहे. आमच्या आवडत्या ‘विनलँड सागा’चे दुसरे पर्व संपून बराच काळ लोटला, पण तिसऱ्याची खरी तारीख कुठेच सापडत नाही. ‘डीमन स्लेयर’च्या ‘इन्फिनिटी कॅसल’ चित्रपटाचा पहिला भाग आम्ही सप्टेंबर २०२५ मध्ये नागपूरला जाऊन पाहिला, आता पुढच्या भागाची वाट पाहतो आहे. रोज रात्री दीड वाजेपर्यंत तारखांचे व्हिडिओ पाहत बसतो आणि सकाळी धावायला उठणे होत नाही. त्यातच मित्राने परवा सकाळी सहा वाजता रात्रपाळीवरून सुटल्या सुटल्या फोन केला आणि ‘विनलँड सागा’च्या मूळ मांगाचा (जपानी चित्रकथेचा) शेवट सांगून टाकला. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलणे बंद केले आहे. वडील विचारतात, “काय ठेवलं आहे त्या कार्टूनात?” मला उत्तर सुचत नाही. ही वाट पाहणे सोसावे तरी कसे?
— एक वाचक, जिल्हा भंडारा

प्रिय भाऊ,

पत्राच्या समासात तुम्ही आधी ‘छापू नका’ असे लिहिले आहे आणि मग ते खोडले आहे. मी ते खोडलेलेच धरून चालते, कारण हाच प्रश्न थोड्या वेगळ्या शब्दांत विचारणारी आणखी मुले-मुली मला माहीत आहेत आणि त्यांपैकी कोणाचेही दुःख मला हसण्यासारखे वाटलेले नाही.

आधी हे विलंब का होतात ते पाहू, कारण कारण कळले की निदान फसवणूक झाल्याची भावना तरी कमी होते. तुमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम दरवर्षी न चुकता येतो. धान निघते, दिवाळी होते, गावोगावी मंडईची जत्रा भरते आणि वडशाच्या नाटक कंपन्यांचे फलक चौकात लागतात. श्रावणात कोणी ‘नाटक केव्हा’ असे विचारत नाही, कारण ते कापणीच्या मागोमाग येणार हे लहान मुलालाही ठाऊक असते. ॲनिमेचे पर्व मात्र अशा कोणत्याही कापणीला बांधलेले नसते. जपानी दूरचित्रवाणीचे वर्ष जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार तिमाह्यांत विभागलेले असते आणि एका तिमाहीत साधारण १२-१३ एपिसोड बसतात, हे खरे आहे. परंतु तुमची मालिका यांपैकी कोणत्या वर्षीच्या कोणत्या तिमाहीत परत येईल, हे पैसा कोण घालतो आणि चित्रे काढणारे हात केव्हा मोकळे होतात यावर ठरते. बहुतेक मालिकांमागे प्रकाशक, वाहिनी, संगीत कंपनी, खेळणी बनवणारे अशा अनेकांची मिळून एक निर्मिती समिती असते आणि स्टुडिओ पुष्कळदा त्या समितीने कामाला लावलेला कारागीर असतो. चांगल्या स्टुडिओंची पुढील काही वर्षांची कामे आधीच ठरलेली असतात, आणि चित्रकारांपैकी अनेक जण पगारी नोकर नसून काढलेल्या चित्रांमागे मोबदला घेणारे असतात. त्यामुळे एक पर्व गाजले म्हणून तीच माणसे दुसऱ्या दिवशी पुढच्या पर्वाला बसतील, असे सहसा घडत नाही.

‘अटॅक ऑन टायटन’चे पहिले पर्व सप्टेंबर २०१३ मध्ये संपले आणि दुसरे एप्रिल २०१७ मध्ये आले. ‘ब्लीच’ मार्च २०१२ मध्ये थांबले ते ऑक्टोबर २०२२ मध्ये परतले, म्हणजे दहावीत ते पाहणारी मुले परतीच्या वेळी संसाराला लागलेली होती. तुमच्या ‘विनलँड सागा’चे पहिले पर्व डिसेंबर २०१९ मध्ये संपले आणि दुसरे जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. या मधल्या तीन वर्षांत काम विट स्टुडिओकडून ‘मापा’ या दुसऱ्या स्टुडिओकडे गेले, पण दिग्दर्शक शुहेई याबुता हेच राहिले आणि त्यामुळे कथेचा सूर बिघडला नाही. अधिक थांबले की अधिक चांगले पदरात पडते, हा समज मात्र मला पटत नाही. ‘वन पंच मॅन’ २०१५, २०१९ आणि २०२५ अशा अंतराने आले, आणि इतकी वर्षे थांबलेल्या प्रेक्षकांनी तिसऱ्या पर्वातील ॲनिमेशनवर उघड नाराजी व्यक्त केली.

कधी कधी कारण याहूनही साधे असते. ‘हंटर एक्स हंटर’चे लेखक-चित्रकार योशिहिरो तोगाशी १९९८ पासून ती मांगा काढत आहेत आणि पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना पुन्हा पुन्हा, कधी काही वर्षेसुद्धा, थांबावे लागले आहे. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून आलेल्या बायकांची पाठ संध्याकाळी कशी असते, हे तुम्ही घरात पाहिले आहे. तेव्हा त्यांच्यावर इंटरनेटवर चिडणाऱ्यांत तुम्ही नसाल, अशी माझी खात्री आहे.

आता तुमच्या दोन मालिकांकडे येते, कारण तुम्ही दोघींची वाट एकाच उतावीळपणाने पाहत आहात आणि तेथेच तुमची दमछाक होते आहे. ‘इन्फिनिटी कॅसल’ ही तीन चित्रपटांची मालिका असेल, असे निर्मात्यांनी स्वतः जाहीर केलेले आहे. म्हणजे पुढचा भाग येणार हे ठरलेले आहे आणि त्याची वाट निर्धास्तपणे पाहता येते. ‘विनलँड सागा’ची गोष्ट वेगळी आहे. तिच्या निर्मात्यांनी स्वतःच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा खात्यावर सांगेपर्यंत तिसरे पर्व तुमच्या वाट पाहण्याच्या यादीत असूच नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. जे कोणी कबूल केलेलेच नाही त्याला उशीर झाला असे म्हणता येत नाही, आणि तुम्ही मात्र रोज रात्री त्याला उशीर झाल्यासारखे तळमळता. ती अधिकृत खाती फॉलो करून त्यांची सूचना चालू ठेवावी आणि शोधणे पूर्ण थांबवावे. अशा मोठ्या घोषणा पुष्कळदा टोकियोत मार्च महिन्यात भरणाऱ्या ‘ॲनिमेजपान’सारख्या मेळाव्यांत होतात आणि त्या झाल्या की तासाभरात जगभर पोहोचतात. लाखांदूरलाही पोहोचतील.

रात्री दीडपर्यंत तुम्ही जे व्हिडिओ पाहता, त्यांच्याविषयी मला थोडे कठोर बोलायचे आहे. चित्रावर मोठ्या अक्षरांत तारीख, आत दहा मिनिटे जुनीच दृश्ये आणि शेवटी ‘अजून अधिकृत दुजोरा नाही’, हा त्यांचा ठरलेला साचा आहे. तुम्ही न झोपता पाहता म्हणूनच ते बनवले जातात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत तुम्हाला १६०० मीटर धावायचे आहे, आणि दीडला झोपून पाचला उठलेल्या पायांनी ते अंतर कसे कापले जाते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. जपानमधल्या स्टुडिओची तारीख तुमच्या हातात नाही. भरतीची जाहिरात निघेल तेव्हा तयार असणे मात्र बऱ्याच अंशी आहे.

मित्राविषयीचा परिच्छेद मी दोनदा वाचला. न विचारता शेवट सांगणे चुकीचेच होते आणि तुम्हाला राग आला यात काही वावगे नाही. पण तो फोन सकाळी सहा वाजता, रात्रपाळी संपल्या संपल्या आला होता, हे तुम्हीच लिहिले आहे. रात्रभर यंत्रापुढे उभा राहिलेला माणूस खोलीवर जाऊन झोपण्याआधी एका कथेचा शेवट सांगायला फोन करतो, तो तुम्हाला चिडवण्यासाठी नसावा. ज्याला ती कथा कळेल असे त्याच्या आजूबाजूला कोणी नाही म्हणून असावा. तुम्हालाही तुमच्या गावात तसे कोणी उरलेले नाही. ठरलेल्या वेळी शेजारी बसून पाहणारा आणि एपिसोड संपल्यावर अर्धा तास वाद घालणारा मित्र निघून गेला, त्याची पोकळी तुम्ही तारखांनी भरू पाहत आहात, असे मला तुमचे पत्र वाचताना वाटत राहिले. उद्या तिसरे पर्व आले आणि तुम्ही ते एकट्याने पाहिले, तर तुमचे समाधान होईल का, याची मला शंका आहे.

म्हणून अबोला तुम्हीच सोडावा, आणि शेवट फोडल्याबद्दलचा रागही त्याला सरळ सांगावा. त्याची साप्ताहिक सुट्टी विचारून घ्यावी आणि त्या दिवशी एक वेळ ठरवून दोघांनी आपापल्या फोनवर एकच एपिसोड पाहावा व मग बोलावे. त्यासाठी एखादी पूर्ण झालेली मालिका निवडावी, म्हणजे वाट पाहण्याचा प्रश्नच राहणार नाही. ‘फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड’चे ६४ एपिसोड आहेत आणि कथा शेवटपर्यंत नेलेली आहे, आठवड्याला एक या हिशेबाने ती वर्षाहून अधिक पुरेल. एका रात्रीत दहा एपिसोड संपवण्याचा मोह होईल, तो दोघांनी एकमेकांसाठी आवरावा. ‘विनलँड सागा’ची मूळ मांगाही जुलै २०२५ मध्ये पूर्ण झाली आहे आणि दुसऱ्या पर्वाच्या पुढे तिचा जवळपास अर्धा भाग शिल्लक आहे. शेवट कानांवर पडलाच आहे, तर मधला सगळा प्रवास वाचायला आता अडचण कसली? इंग्रजी अनुवादाचे खंड छापील मिळतात, ते स्वस्त नाहीत, पण दोघांत मिळून एकेक घेता येतील. वेबवर फुकट फिरणाऱ्या चोरीच्या प्रतींची शिफारस मी करणार नाही, कारण पुढचे पर्व निघावे असे वाटत असेल तर मूळ पुस्तक विकले जाणेही त्याला मदत करते.

एक गोष्ट विचारून ठेवते. मालिका संपल्यावर चार-दोन दिवस उदास वाटणे स्वाभाविक आहे. पण जेवण, शेत, धावणे, मित्र अशा कशातच कित्येक आठवडे मन लागत नसेल, तर कारण ॲनिमे नाही असे समजावे आणि टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. तेथे मराठीत बोलता येते.

राहिले वडील. त्यांच्या प्रश्नात राग आहे, तसे कुतूहलही असेल, आणि त्याला शब्दांनी उत्तर देत बसण्यापेक्षा त्यांना ‘सिल्व्हर स्पून’ दाखवावे, असे मी सुचवते. २०१३-१४ मधील दोन लहान पर्वांची, एकूण २२ एपिसोडची ही मालिका होक्काइदो बेटावरील एका कृषी विद्यालयात घडते आणि तिच्या मूळ मांगाच्या लेखिका हिरोमू अराकावा स्वतः तिथल्या दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकरी कुटुंबातील आहेत. शहरातून आलेल्या मुलाला अंडे कोंबडीच्या कोणत्या जागेतून येते हे पहिल्यांदा दिसते आणि त्याला ते खाववेनासे होते, तेथे तुमचे वडील नक्की हसतील. पुढे एका वर्गमित्राच्या घरचा गोठा कर्जापायी मोडतो आणि गायी निघून जातात. त्या भागात लेखिकेने उगाच कोणाला रडवलेले नाही. हिशेब जुळत नाही म्हणून माणसे गप्प होतात, एवढेच दाखवले आहे, आणि म्हणून तो मला फार खरा वाटतो. पडद्यावर खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी तुम्ही मोठ्याने मराठीत सांगत जाव्यात. त्यांना कंटाळा आला तर आग्रह करू नये. तुम्हीही त्यांच्याबरोबर शंकरपटाची बैलशर्यत पाहायला दरवेळी आनंदाने जात नसाल. रात्रीच्या जेवणानंतर एकच एपिसोड पाहावा, आणि तो संपला की फोन त्यांच्याच उशाशी ठेवून तुम्ही झोपायला जावे.

तुमची,
ताई